गेमिंगसाठी वेगळं नेटवर्क कार्ड: कामाचं की नुसता देखावा?

अर्धवट_गेमर: नवा पीसी जुळवतोय. मदरबोर्डवर 2.5 गिगाबिटचं पोर्ट आहेच. मित्र मागे लागलाय, वेगळं ‘गेमिंग’ नेटवर्क कार्ड टाक, पिंग (सर्व्हरला जाऊन यायला लागणारा वेळ) उतरेल. माझ्या मते तो नुसता लाल रंगाचा हीटसिंक. कुणी पटवून दिलं तर ठीक, नाहीतर त्या पैशांची रॅम घेऊन मोकळा होतो.

जुना_खेळगडी: देखावा म्हणण्याआधी 2006 आठवा. बिगफूट नेटवर्क्सचं ‘किलर’ कार्ड आलं तेव्हा त्यावर स्वतःचा प्रोसेसर होता, स्वतःची रॅम होती आणि आत चक्क लिनक्स चालायचं. विंडोजचा नेटवर्क स्टॅक (नेटवर्क हाताळणारा सॉफ्टवेअरचा थर) टाळून पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, थेट गेमच्या हातात. एकाच कोरवर गेम, आवाज आणि नेटवर्क यांची खेचाखेच चालायची त्या काळात. कल्पना वेडगळ नव्हती.

तारेवरची_कसरत: नव्हतीच. पण पुढचंही सांगा की! 2011 मध्ये क्वालकॉम अथेरॉसने बिगफूट घेतली, किलर मदरबोर्डवरच बसून यायला लागलं आणि 2020 मध्ये ते इंटेलकडे गेलं. सात-आठ कोर रिकामे बसलेले असताना पॅकेट उचलायला वेगळा नोकर कशाला?

आणि जरा हिशोब करा. 1500 बाइटचं पॅकेट गिगाबिट तारेवर चढायला 12 मायक्रोसेकंद लागतात. गेमची पॅकेटं तर त्याहून बारकी. उलट फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे 2000 किलोमीटरवरच्या सर्व्हरला जाऊन यायलाच 20 मिलिसेकंद. कार्ड काय प्रकाशाला ढकलणार आहे?

जुना_खेळगडी: पिंगचं सोडा, जिटर, म्हणजे पिंगची चढउतार, बघा. चांगल्या चिपमध्ये इंटरप्टवर (पॅकेट आलं की प्रोसेसरला दिलेली हाक) नीट ताबा असतो.

तारेवरची_कसरत: इंटरप्ट मॉडरेशन, म्हणजे त्या हाका थोपवून एकदम देणं, ऑनबोर्डच्या ड्रायव्हरमध्येही बहुतेक वेळा बंद करता येतं, फुकटात. शिवाय 64 टिकचा, म्हणजे सेकंदाला 64 वेळा हिशोब करणारा सर्व्हर दर 15.6 मिलिसेकंदांनी खेळ पुढे सरकवतो. तुमचे मायक्रोसेकंद त्यात कुठे विरघळले ते शोधत बसा.

पोर्ट_पीडित: मी कार्डाच्या बाजूने, पण कारण वेगळं. माझ्या बोर्डावरचं पोर्ट वीस-पंचवीस मिनिटांनी लिंक सोडायचं. नेमकं राउंडच्या शेवटी, हे वेगळं सांगायला नको. केबल बदलली, ड्रायव्हर पुढचे-मागचे लावून पाहिले, वीजबचतीचा पर्याय बंद केला. शेवटी कपाटातलं जुनं गिगाबिट कार्ड छोट्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये खोचलं आणि कटकट मिटली. त्याच्या खोक्यावर ‘गेमिंग’ हा शब्द औषधालाही नव्हता.

अर्धवट_गेमर: ही दुरुस्ती झाली, वेग नाही.

पोर्ट_पीडित: लिंक तुटलेल्या माणसाला तो फरक कळत नाही, साहेब.

जुना_खेळगडी: बरं, मागे डाउनलोड चालू असताना गेमच्या पॅकेटला आधी सोडणं, हे तरी मान्य?

तारेवरची_कसरत: अर्धं. ते काम सॉफ्टवेअरचं, आणि तुमच्याच मशीनमधून बाहेर जाणाऱ्या पॅकेटांपुरतं. घरात दुसरं कुणी व्हिडिओ अपलोड करत असेल तर रांग राउटर-मोडेमपाशी लागते, तुमच्या कार्डाला तिचा पत्ताही नसतो. त्यावर उपाय राउटरमध्ये: एसक्यूएम (रांग आटोक्यात ठेवणारी सोय) चालू करा, त्यात केक किंवा एफक्यू-कोडेल यांपैकी एक पद्धत निवडा आणि मर्यादा लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडी खाली ठेवा. सर्वाधिक वेगाचा आकडा थोडा उतरतो, पण रांग तुमच्या ताब्यात येते.

जुना_खेळगडी: सगळ्यांच्या राउटरमध्ये ती सोय नसते. मग पैसे राउटरवर जाणार, एवढंच.

तारेवरची_कसरत: तिथेच जावेत. आधी दोन पिंग लावून बघा: एक राउटरला, एक त्याच्या पुढच्या हॉपला, म्हणजे वाटेतल्या पुढच्या टप्प्याला.

अर्धवट_गेमर: लावले. जुन्याच पीसीवर, केबलने. राउटरपर्यंत 1 मिलिसेकंदाच्या आत, पुढच्या हॉपला 9. धाकट्याने फोनवरून व्हिडिओ चढवायला घेतला तसं राउटरचं तेवढंच राहिलं, पुढचं थेट 240. रॅम घेतोय. राउटरचं पान उघडलंय, पण त्याचा पासवर्ड धाकट्याकडेच आहे.