मदत हवी आहे: स्पर्धेच्या मधात कण दिसतायत, काय करू?

नमस्कार मंडळी,

कृषी प्रदर्शनातल्या स्पर्धेत यंदा पहिल्यांदाच मध आणि द्राक्षं ठेवतोय. दहा दिवस उरलेत आणि गाडी मधावर अडली आहे.

फ्रेममधल्या कोठड्या मधमाश्यांनी मेणाने बंद केल्यावरच मध काढला. रिफ्रॅक्टोमीटरवर पाणी 18 टक्के आलं, म्हणजे 20 च्या आत, त्यामुळे आंबायची भीती कमी. पण बरणी उजेडासमोर धरली की तळाशी रव्यासारखे बारीक कण दिसतात. मधातली ग्लुकोज साखर कण होऊन सुटायला लागलीय हे उघड आहे. नाव दिलंय पातळ मधाच्या गटात, तिथे असे कण दिसले तर गुण जाणारच. बरणी 40 अंशांच्या कोमट पाण्यात ठेवून विरघळवू का? किती वेळ? जास्त तापवलं तर एचएमएफ (तापल्यामुळे मधातल्या साखरेपासून बनणारं एक रसायन) वाढतं, रंग गडद होतो आणि सुगंध उडतो. या मधाचा सुगंधच तर खरा जीव आहे, तो मला घालवायचा नाही. की सरळ गोठलेल्या, म्हणजे कणीदार मधाच्या गटात नाव बदलून घेऊ?

वर पांढऱ्या फेसाची कडाही आहे. प्लास्टिकची फिल्म पृष्ठभागावर टेकवून फेस उचलतात म्हणे. कुणी करून पाहिलंय?

द्राक्षांचं एवढंच. मण्यांवरचा पांढरट थर पुसायचा नाही, घड देठाला धरूनच उचलायचा, हे माहीत आहे. पण मधला एखादा बारका मणी कात्रीने काढला तर परीक्षकांना खटकतं का?

परीक्षण केलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा.