पांढरी आणि काळी मुसळी एक नव्हेत
मुसळी म्हणजे जिच्या मुळ्या औषधात वापरतात ती वनस्पती. पांढरी आणि काळी या दोन्ही मुसळ्या एकाच प्रजातीतल्या, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटातल्या, असं एकांनी लिहिलंय. तसं नाही. काळी मुसळी करक्युलिगो या प्रजातीतली, पांढरी क्लोरोफायटम या प्रजातीतली. घराघरांत कुंडीत लोंबणारं स्पायडर प्लांटसुद्धा क्लोरोफायटमच!

पांढऱ्या मुसळीच्या क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम या जातीचं नाव तर आपल्या मुंबईच्या बोरिवलीवरून आलंय. तिच्या मुळ्यांत सॅपोनिन (पाण्यात साबणासारखा फेस आणणारी द्रव्यं) असतात, संशोधकांचं लक्ष मुख्यतः त्यांवर. पण बहुतेक प्रयोग उंदरांवर झालेत; त्यावरून माणसाला खात्रीचा गुण सांगणं मला पटत नाही.

खरी अडचण ओळखीची आहे. इथे इंदूरला सियागंज बाजारात पांढरी मुसळी मागितली की सोललेल्या, वाळलेल्या पांढऱ्या कांड्या पुढे येतात. क्लोरोफायटमच्याच दुसऱ्या जातींची मुळं, इतकंच काय शतावरीची सोललेली मुळंही जवळपास तशीच दिसतात. नुसत्या डोळ्यांनी ठरवणं अवघड, म्हणून डीएनएवरून ओळख पटवण्याचं काम मला फार मोलाचं वाटतं.

आणि जंगलातून मुळासकट उपटलं की झाड गेलंच. बी कमी रुजतं, त्यामुळे लागवडीला डोळ्यासकट मुळ्याच लावतात. घ्यायचीच तर लागवडीची घ्या, ही कळकळीची विनंती.