पहिल्या नोकरीचं पहिलं वर्ष : काय अंगाशी आलं, काय कामी आलं?

पोहेवाली :

माझा भाचा साताऱ्याला टीवायबीकॉमला आहे. गेल्या रविवारी घरी आला होता तर त्याचे वडील, काका, आजोबा आणि खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड बँकवाले अशा चौघांनी मिळून त्याला दीड तास करिअर शिकवलं. कॉन्फिडन्स पाहिजे, इंग्लिश पाहिजे, ओळखी वाढव वगैरे. पोरगं मान डोलवत बसलं होतं आणि चौघांपैकी एकानेही आपली स्वतःची कधी फजिती झाली ते काही सांगितलं नाही. जाताना चपला घालता घालता मला हळूच म्हणाला, मावशी, पण पहिल्या दिवशी जाऊन करायचं काय असतं गं?

मला पण धड सांगता येईना, म्हणून हा धागा. उपदेश नको, आपल्याबाबतीत काय घडलं तेवढंच लिहा. "तरुणांनी असे करावे" छापाचं काही दिसलं की मी टोकणार.

माझ्यापासून सुरुवात. २००६ साल, पुण्यात एका छोट्या ऑफिसात अकाउंट्सला लागले. बीकॉम फर्स्ट क्लास, टॅलीचा कोर्स झालेला. पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले बँक रिकन्सिलिएशन करून ठेवा, म्हणजे बँकेच्या नोंदी आणि आपल्या वहीतल्या नोंदी जुळवून ठेवा. कॉलेजात ही गणितं मी पैकीच्या पैकी सोडवलेली, पण तिथे सगळी माहिती प्रश्नातच दिलेली असते. इथे एक बुटांचा खोका, त्यात चेकबुकांच्या काउंटरफॉइल्स आणि पासबुक. तीन दिवस कुणाला काही न विचारता त्या खोक्यापुढे बसून काढले, विचारलं तर यांना वाटेल हिला येत नाही. तिसऱ्या दिवशी चहा देणारे मामा म्हणाले, मॅडम, मागच्या महिन्याची फाईल त्या कपाटात आहे, बाकीचे ती बघून करतात. दोन तासात काम झालं. आजही कुठलंही नवीन काम आलं की मी आधी विचारते, मागच्या वेळचं कुठाय?

चाकणकर :

पोहेवाली ताई, तुमच्या मामांसारखे मला पण एक भेटले, फक्त त्यांनी चहा दिला नाही, इज्जत काढली.

मेकॅनिकल डिप्लोमा करून चाकणला अप्रेंटिस म्हणून लागलो, २०११. महिनाभर नुसतं फिरवलं आणि मग लाइन इन्स्पेक्शनला बसवलं. ड्रॉइंगवर बोअर (भोक) २५ एच७, म्हणजे २५ मिलिमीटरला वर २१ मायक्रॉनची सूट, खाली शून्य; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मी खिशातला नवा कोरा व्हर्नियर (सरकत्या पट्टीचं मोजायचं हत्यार) काढला आणि एकेक पीस मोजून ओके मारत सुटलो, एकदम साहेबासारखं. शिफ्ट संपताना एक जुने ऑपरेटर आले, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेले, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. ट्रे बघितला आणि म्हणाले, कशाने मोजले? मी व्हर्नियर दाखवला. ते हसले पण नाहीत. त्याचा लीस्ट काउंट, म्हणजे त्याने मोजता येणारं सगळ्यात लहान माप किती, म्हणाले. मी म्हणलं पॉइंट झिरो टू मिलिमीटर. म्हणजे २० मायक्रॉन, आणि सूट किती, २१. आता तूच सांग तू काय मोजलंस ते.

गंमत म्हणजे लीस्ट काउंट हा प्रश्न मला तोंडी परीक्षेत दोनदा आला होता आणि दोन्ही वेळा बरोबर सांगितला होता. पण त्याचा अर्थ हा, की एवढ्या बारीक मापाला हे हत्यार चालतच नाही, हे डोक्यात शिरलंच नव्हतं.

मग त्यांनी ड्रॉवरमधून भोक तपासायचा प्लग गेज काढला आणि एकेक पीस घेऊन तपासायला बसले. मी ओके मारलेल्या १४० पैकी १९ पीसमध्ये त्याचं नो-गोचं टोक, जे आत जायलाच नको, ते सरळ आत गेलं. सुपरवायझर आला तेव्हा मला वाटलं संपलं आता, आयटीआयवाली पोरं पण बघत होती, पण अण्णा म्हणाले, ट्रे माझ्याकडे होता, परत चेक करतोय. बस्स, एवढंच. नंतर जिन्यात मला म्हणाले, येत नाही असं म्हणायला लाज वाटत असेल तर मला येऊन म्हण, माझ्यासमोर वाटायची नाही. मग रोज शिफ्ट सुटली की अर्धा तास त्यांच्या मशीनवर. डिप्लोमाच्या तीन वर्षांत जे कळलं नाही ते त्या आठ महिन्यांत कळलं. बस चुकायची, राजगुरुनगरपर्यंत टमटमला लोंबकळत जायचो, ते वेगळं.

सहीशिक्का :

चाकणकर +१, आमच्याकडे पण असे एक होते पण त्यांनी सुपरवायझरला सांगितलं होतं :)

पॅकेजवाला :

माझं अगदी साधं आहे पण तुमच्या भाच्याला लागेल. २०१७ला हिंजवडीत ऑफर आली ३ लाख ६० हजारची. घरी पेढे. बाबांनी लगेच भागाकार केला, महिना तीस हजार. त्या हिशोबाने मी वाकडला रूम घेतली, बाईकचा हप्ता बांधला. पहिला पगार आला २२ हजार. मला वाटलं पेमेंटमध्ये काहीतरी चुकलंय, रागारागाने एचआरकडे गेलो, तर तिने शांतपणे कागद पुढे केला जो मीच सही करून दिला होता. बेसिक १५ हजार. कंपनीने भरायचा पीएफ १,८०० तो पण माझ्या पॅकेजमध्येच, माझा १,८०० वेगळा कापणार. ग्रॅच्युइटीचे ७२१ धरलेले, जे पाच वर्षं टिकलो तरच मिळणार. महिन्याचे ३,००० व्हेरिएबल, ते वर्षाच्या शेवटी आणि ते पण रेटिंग बघून. विम्याचा हप्ता. वर प्रोफेशनल टॅक्स २००, आणि फेब्रुवारीत ३००, कारण वर्षाचे अडीच हजार पुरे करायचे असतात.

फसवलं कुणीच नव्हतं, सगळं लिहिलेलं होतं. मी फक्त वरचा आकडा आणि खालची सहीची जागा बघितली होती, मधला तक्ता बघितलाच नव्हता. बाईक वर्षभर आतेभावाने चालवली, हप्ता त्यानेच भरला.

महिनाअखेर :

पॅकेजवाला, पीएफवरून आठवलं. माझ्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं, बोर्डाची पद्धतच ती. आधारवर माझं नाव आधी आणि वडिलांचं नाव गायब. पहिल्या कंपनीने मार्कशीट बघून भरलं. चार वर्षांनी पैसे काढायला गेले तर क्लेम रिजेक्ट, नाव जुळत नाही. तोपर्यंत ती कंपनी नगरहून गाशा गुंडाळून गेलेली, दुरुस्तीच्या फॉर्मवर सही कोणाची घ्यायची? सात महिने गेले. मध्ये लग्न करून अजून एक नाव वाढवून ठेवलं होतं, त्याची कथा सांगत नाही.

आशावादी :

विद्यार्थ्यांनी कॉलेजपासूनच संवाद कौशल्य आणि सकारात्मक दृष्टिकोन विकसित केला पाहिजे...

पोहेवाली :

आशावादी, टोकलं :) तुमचं स्वतःचं काय झालं ते लिहा की.

आशावादी :

बरं. पकडलंत. माझं तर फारच लाजिरवाणं आहे. बीई कॉम्प्युटर, गाव लातूरकडचं, बारावीपर्यंत मराठी मीडियम. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट कॉलेजबाहेरच्या दुकानातून रेडीमेड घेतला, चौघांत मिळून आठ हजार, ब्लॅकबुक (प्रोजेक्टचा रिपोर्ट) बाइंडिंगसकट. हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम, दुसरं काय असणार. कॉलेजात चाललं. कॅम्पसला मी इंग्लिशचीच तयारी करत होतो, टेल मी अबाउट युवरसेल्फ आरशासमोर पन्नास वेळा म्हणलेलं. इंटरव्ह्यूला सर निघाले नांदेडचे. म्हणाले, टेन्शन घेऊ नको, मराठीत सांग, डेटाबेसमध्ये पेशंट आणि डॉक्टर ही दोन टेबलं वेगळी का ठेवलीस? मला मराठीत पण आलं नाही.

आतापर्यंत सगळं खापर इंग्लिशवर फोडत होतो, त्या दिवशी ती सोय गेली. घरी येऊन त्याच प्रोजेक्टची एकेक फाईल उघडून वाचली, अर्धा तर चालतच नव्हता, तो दुरुस्त करण्यात दोन महिने गेले. पुढच्या इंटरव्ह्यूला खरं सांगितलं की विकत घेतला होता आणि मग हे हे दुरुस्त केलं. बाई हसल्या. वीस मिनिटं त्याच दुरुस्त्यांवर बोललो, तोडक्यामोडक्या इंग्लिशमध्ये. घेतलं त्यांनी.

(वरचं सकारात्मक दृष्टिकोनवालं मागे घेतो.)

बर्फातली कोळंबी :

सीएची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, तेव्हा तीन वर्षं असायची, आता नव्या स्कीममध्ये दोन झाली. स्टायपेंड इतका की घरून डबा आणि बसचे पैसे दोन्ही घ्यायला लागायचे. पहिल्याच वर्षी ३१ मार्चला स्टॉक मोजायला रत्नागिरीच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये पाठवलं. उणे १८ डिग्री, आत गोठवलेल्या कोळंबीची खोकी छतापर्यंत. मी पंजाबी ड्रेस आणि सँडलमध्ये. बाहेर कोकणातला मार्च, आत हे. तिथल्या दादांनी जॅकेट दिलं, ते माझ्या गुडघ्यापर्यंत. बॉलपेन लिहीना, शाईच गोठली, मग त्यांनीच कानावरची पेन्सिल काढून दिली. मी समोरची रांग मोजली, गुणाकार केला, रजिस्टरशी जुळलं, खूश. ते दादाच म्हणाले, ताई, मधे बघितलंत का? मधे रांगाच नव्हत्या, माणसाला फिरायला जागा ठेवलेली असते. गुणाकार चुकला होता आणि तरी रजिस्टरशी जुळत होता! म्हणजे रजिस्टर पण कुणीतरी माझ्यासारखंच बाहेर उभं राहून लिहिलं होतं.

आणि हो, आयुष्यातलं पहिलं ऑफिसचं ईमेल मी "रिस्पेक्टेड सर, आय बेग टू स्टेट" असं सुरू केलं होतं, शाळेतला रजेचा अर्ज आठवून. सर अजून चिडवतात.

अभ्यासिका नंबर तीन :

लिहू का नको करत होतो. एमपीएससीसाठी सहा वर्षं सदाशिव पेठ. कॉटबेसिसवर खोली, मेस, अभ्यासिकेत ठरलेली खुर्ची. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलो, एकदा चार मार्कांनी राहिलं. वयाची अट खुल्या वर्गाला ३८ आहे, त्यामुळे अजून वेळ आहे, अजून वेळ आहे, असं म्हणत वर्षं जातात. मला थांबवलं बहिणीने. तिने रागावून काही नाही, फक्त कॅलेंडरवर एका तारखेला गोल केला आणि म्हणाली या दिवसानंतर मेसचे पैसे मी देणार नाही. तेव्हा फार वाईट वाटलं होतं. गावाकडून येणाऱ्या पैशाला तोपर्यंत कुणी तारीख घातलीच नव्हती.

कामी काय आलं तर मधल्या एका उन्हाळ्यात टाइमपास म्हणून दिलेली मराठी ३० शब्द प्रति मिनिट टायपिंगची परीक्षा. मित्र हसले होते, क्लासवन होणार आणि टायपिंग कशाला. त्या सर्टिफिकेटवर लिपिक-टंकलेखकाची जागा मिळाली. गावात अजून काही लोक विचारतात, मग साहेब कधी होणार? मी म्हणतो साहेबांची पत्रं मीच लिहितो.

हातात पत्र, पायात चप्पल :

२००९ची बॅच. ऑफर लेटर २००८च्या ऑगस्टमध्ये, सप्टेंबरात लेहमन बुडाली. आम्ही म्हणायचो अमेरिकेतली बँक बुडाली तर आपलं काय जातंय. जॉइनिंग पुढे ढकललं, मग अजून पुढे, मग मेलला उत्तरच नाही. शेजारी विचारतील म्हणून मी सकाळी बॅग घेऊन बाहेर पडायचो आणि काकांच्या मेडिकल दुकानात बसायचो. आठ महिने. तिथे एक्सपायरी जवळ आलेला माल परत पाठवायची मी एक वही केली, नंतर तिची एक्सेल शीट. पुढे जिथे नोकरी लागली तिथे बायोडेटामध्ये हे लिहिलंच नव्हतं, कमीपणा वाटायचा. मधल्या काळात काय केलं असं त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं, तर बाकी सगळं सोडून त्या वहीवरच बोलत बसले.

लॅपटॉप आलाच नाही :

२०२१, लॉकडाऊन, वर्क फ्रॉम होमची ऑफर, फोनवरच इंटरव्ह्यू. लॅपटॉपसाठी साडेचार हजार रिफंडेबल डिपॉझिट. लेटरवर शिक्का, सही, सगळं. मेल आयडी फुकटातला, जीमेलचा, ते दिसलं होतं पण घरात कुणाचाच पगार येत नव्हता, म्हणून दिसून न दिसल्यासारखं केलं. नाव बघूनच कळलं असेल पुढे काय झालं.

पोहेवाली :

सगळ्यांचे आभार, भाच्याला सगळं वाचायला दिलं. पॅकेजवाल्याचा तक्ता त्याने वहीत उतरवून घेतला, आणि आधार आणि मार्कशीट शेजारी ठेवून बघितलं, नाव जुळत नाहीये. महिनाअखेर, तुमच्यामुळे उद्या आधार केंद्रावर लाइन.

आणि त्याचा एक प्रश्न आहे, बीकॉमच्या पोराचा याच्याशी काय संबंध मला माहीत नाही, पण विचारतोय : चाकणकर दादा, तो नो-गो गेज नेमका दिसतो कसा?

चाकणकर :

अरे विचार की बिनधास्त. डंबेलसारखा असतो, छोटा, मुठीत मावतो. दोन टोकं. लांब टोक गो, ते भोकात आपल्या वजनाने सरकलं पाहिजे, ढकलायचं नाही. आखूड टोक नो-गो, त्याला लाल पट्टी असते, ते तोंडावरच अडलं पाहिजे. अण्णांनी रिटायर होताना झिजून बाद झालेला एक मला दिला होता, टेबलावर आहे, पेपरवेट म्हणून वापरतो. पुण्याला आलास की मावशीला फोन करायला सांग, हातात घेऊन बघ.