स्क्रॅच जमतं, पायथनमध्ये अडतं: सातवीला व्हेरिएबल आणि लूप कसं शिकवावं?

फळा_खडू
सातवीला संगणकाची आठवड्याला एकच तासिका आहे, ४० मिनिटांची. दोन मुलांमागे एक संगणक. सहावीत स्क्रॅच (ब्लॉक जोडून प्रोग्रॅम करायची भाषा) झालंय, गुण मोजणारा छोटा खेळ बहुतेकांना करता येतो. आता पायथन सुरू केलं, तिथे ओळी टाइप कराव्या लागतात. फळ्यावरचा प्रोग्रॅम उतरवून घेतात आणि तो चालतोही. पण "१ पासून दिलेल्या संख्येपर्यंतची बेरीज काढा" म्हटलं की हात थांबतात. व्हेरिएबल, म्हणजे किंमत साठवणारं नाव, हा एक डबा आहे हे सांगून झालंय. 'बेरीज = बेरीज + क' (क म्हणजे त्या फेरीचा आकडा) ही ओळ त्यांना पटतच नाही. शिवाय जोडीतला एकच टाइप करतो, दुसरा नुसता बघत बसतो. सुरुवात कुठून करावी?

ओळीमागून_ओळ
आधी मुलांच्या डोक्यात नेमकं काय आहे ते काढून घ्या. संगणक बंद, कागदावर पाच मिनिटं:

अ = ३
ब = ५
अ = ब
ब = ९

शेवटी अ किती? बरोबर उत्तर ५. पण खरी माहिती चुकीच्या उत्तरांतून मिळते. ९ लिहिणाऱ्याला वाटतं की 'अ = ब' म्हटल्यावर दोघं कायमचे जोडले गेले. गणितातलं बरोबरचं चिन्ह तो इथे जसंच्या तसं आणतोय. ३ लिहिणारा ओळ डावीकडून उजवीकडे वाचतोय, म्हणजे अ ची किंमत ब मध्ये टाकतोय. "३ आणि ५ दोन्ही" म्हणणारा तुमच्या डब्यामुळे फसलाय, कारण डब्यात दोन वस्तू मावतात. तिसऱ्या ओळीनंतर ब किती, हेही विचारा. "काहीच नाही" असं उत्तर आलं तर तीही डब्याचीच करामत: एका डब्यातून काढून दुसऱ्यात ठेवलं की पहिला रिकामा होतो ना!

म्हणून डबा सोडून द्या, पाटी घ्या. नवीन लिहायचं तर जुनं पुसावं लागतं, आणि दुसऱ्या पाटीवरचं बघून लिहिलं म्हणून ती पाटी कोरी होत नाही. ओळ मोठ्याने वाचायची ती उजवीकडून: "ब ची किंमत बघ, ती अ वर लिही." 'बेरीज = बेरीज + क' सुद्धा तशीच: "आत्ताच्या बेरजेत क मिळव, येईल ते बेरीज वर लिही." सातवीत समीकरणं नुकतीच आलेली असतात, त्यामुळे ही ओळ खोटी वाटणं अगदी रास्त आहे. स्क्रॅचमध्ये 'सेट' आणि 'चेंज' हे दोन वेगळे ब्लॉक होते, म्हणून हा प्रश्न तिथे कधी उघडा पडलाच नाही. पायथनमध्ये दोन्ही कामं एकाच चिन्हावर आली.

यासोबत वहीत किमतींचा तक्ता हवाच. प्रत्येक व्हेरिएबलला एक रकाना आणि ओळ चालली की नवी किंमत खाली लिहायची, आधीचीवर काट मारायची. तक्त्यात तीन व्हेरिएबल आणि पाच फेऱ्यांपेक्षा जास्त नको, मुलं कंटाळून अंदाजाने भरायला लागतात.

शून्यापासून
वरच्याशी पूर्ण सहमत, आता लूपबद्दल, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवण्याबद्दल. तुमच्या बेरजेच्या प्रोग्रॅमला ५ हा आकडा द्या. उत्तर १५ हवं. जे येईल त्यावरून चूक ओळखता येते.

१० आलं तर रेंज(१, न) लिहिलंय. रेंज म्हणजे लूपला ओळीने आकडे देणारी आज्ञा, न म्हणजे दिलेली संख्या. शेवटचा आकडा रेंज घेत नाही, तिथे न + १ हवं. ५ आलं तर 'बेरीज = ०' लूपच्या आत गेलंय, दर फेरीला पाटी पुसली जातेय. ४ आलं तर या दोन्ही चुका एकदम. १, ३, ६, १०, १५ अशा पाच ओळी आल्या तर प्रिंट आत सरकलंय. नेमएरर (हे नाव माहीत नाही, अशी पायथनची तक्रार) आला तर बहुधा सुरुवातीचं शून्य राहिलं किंवा नावाचं स्पेलिंग बदललं. ही यादी मुलांना देऊ नका, त्यांच्याकडूनच काढून घ्या: "उत्तर १० यावं म्हणून प्रोग्रॅम कुठे बिघडवाल?" बिघडवायला सगळे उत्साहाने पुढे येतात.

स्क्रॅचचा 'रिपीट' ब्लॉक आतल्या ओळींना कवेत घेतो, त्यामुळे आत काय नि बाहेर काय ते दिसतं. पायथनमध्ये तेच काम फक्त मोकळी जागा करते. म्हणून पहिले काही प्रोग्रॅम छापून द्या आणि लूपच्या आतल्या ओळींना पेन्सिलने चौकट करायला लावा.

इनपुटचंही आत्ताच सांगून ठेवा. ५ आणि ७ टाइप करून त्यांची बेरीज केली तर ५७ येणारच, कारण इनपुट कायम मजकूर देतं. स्क्रॅच बेरजेच्या वेळी तो स्वतःच संख्येत बदलून घ्यायचा. इथे संख्या करायला इंट() लावावं लागतं.

कासवगती
मी थेट बेरजेवर जाणार नाही. आधी टर्टल घ्या, म्हणजे पडद्यावर कासव फिरवून आकृत्या काढणारं पायथनचं तयार मॉड्यूल. चौरसाला चार वेळा ९०, मग त्रिकोण. मुलं हमखास ६० अंश वळवतात आणि त्रिकोण बंदच होत नाही, कारण कासव बाहेरचा कोन वळतं, १२०. तिथून ३६० भागिले बाजू हे त्यांचं त्यांनाच सापडतं. एक खबरदारी: फाइलला टर्टल हे नाव देऊ देऊ नका. पायथन स्वतःच्या टर्टल मॉड्यूलऐवजी तीच फाइल उघडतं आणि भलताच एरर येतो. नाव बदललं की काम होतं.

शून्यापासून
टर्टल लूपसाठी छानच, पण मूळ अडचण त्याने सुटत नाही. चौरस काढताना कुठलीच किंमत साठत जात नाही. साठत जाणारी किंमत हाच सातवीतला अवघड टप्पा आहे. टर्टल घेतलंच तर दर फेरीला बाजू ५ ने वाढवून चौकोनी गुंडाळी काढायला लावा. 'बाजू = बाजू + ५' तिथे डोळ्यांना दिसतं.

कासवगती
हो, गुंडाळीचा मुद्दा मान्य. दुसऱ्या तासिकेला तेच घ्यावं.

फळा_खडू
हे सगळं ४० मिनिटांत बसवायचं कसं? आणि जोडीचं काय?

ओळीमागून_ओळ
प्रिम पद्धत बघा, स्यू सेंटन्स आणि जेन वेट यांनी २०१७ मध्ये मांडलेली: भाकीत, चालवणं, तपास, बदल आणि शेवटी स्वतःचं लिखाण. पाचही टप्पे एका तासिकेत कोंबू नका. पहिल्या तासिकेत तयार फाइल द्या. ८ मिनिटं कागदावर भाकीत, ३ मिनिटं चालवून पडताळा, १२ मिनिटं तपास ("ही ओळ काढली तर?"), उरलेला वेळ छोटे बदल. टायपिंग जवळजवळ नाहीच, त्यामुळे वेळ विचाराला मिळतो. स्वतःचं लिखाण पुढच्या तासिकेला.

त्या दोन्हींच्या मध्ये चिठ्ठ्यांचा खेळ ठेवा: बेरजेच्या प्रोग्रॅमच्या ओळी कापून द्यायच्या, सोबत दोन चुकीच्या, उदाहरणार्थ रेंज(१, न) आणि इंट न लावलेलं इनपुट. मुलांनी ओळी निवडून क्रम लावायचा आणि आत सरकवायच्या त्या सरकवायच्या. कोऱ्या पडद्याची भीती इथे मोडते, म्हणून हा टप्पा गाळू नका.

जोडीत कीबोर्डवाला आणि वाटाड्या. वाटाड्याने कीबोर्डला हात लावायचा नाही, बोलून सांगायचं, आणि किमतींचा तक्ता त्याच्याच हातात. दर ७ मिनिटांनी मोठ्याने "बदला" म्हणा, मुलांवर सोडलं तर बदल होत नाही.

एडिटर म्हणून थॉनी घ्या, नवशिक्यांसाठी पायथन लिहायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर. व्ह्यू मेनूतून व्हेरिएबल्सची चौकट उघडा, कंट्रोल आणि एफ५ ने डीबग (प्रोग्रॅम थांबत थांबत चालवणं) सुरू करा, मग एफ७ दाबत एकेक पायरी पुढे जा. किमती समोर बदलताना दिसतात. पण वहीतला तक्ता आधी भरून घ्या. उलटं केलं तर मुलं चौकटीतून उतरवून घेतात आणि भाकीत करायचं राहून जातं.