तुरुंगात व्यसन सुटलं, हात धरणारं माणूस आतच भेटलं : तुमचे अनुभव

मीनल_सांगली
अण्णा सुटले! काल संध्याकाळी भावाचा फोन आला, "ताई, अण्णा बाहेर आले गं," आणि पुढे दोघांनाही बोलता येईना. सगळं परत वर आलं म्हणून लिहितेय.

माझा धाकटा भाऊ गर्दवर, म्हणजे ब्राऊन शुगरवर होता. केबलमधलं तांबं काढून विकताना पकडला गेला आणि जामीन करायचा नाही असं आमच्या बाबांनीच ठरवलं. आत गेल्यावर दुसऱ्याच रात्री टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याचा त्रास, सुरू झाली. नाकाडोळ्यांतून पाणी, जुलाब, पोटऱ्यांत अशा कळा की भिंतीला लाथा मारायचा, बराकीतले ओरडायचे की ह्याला इथून काढा. अण्णा जन्मठेपवाले, शिक्षा लागलेले पक्के कैदी, पण कच्च्यांच्या, म्हणजे खटला चालू असलेल्यांच्या बराकीवर देखरेखीला वॉर्डर म्हणून होते. दारूच्या नशेत हातून खून झालेला माणूस. त्यांनी ह्याचं अंथरूण स्वतःशेजारी ओढून घेतलं, मीठसाखरेचं पाणी घोटघोट पाजलं आणि रात्ररात्र पोटऱ्या चेपल्या. उपदेश एका अक्षराचा नाही.

पुढे शिक्षा लागल्यावर साहेबांना सांगून त्याला सुतारकामात घेतलं. जीव थाऱ्यावर नसायचा म्हणून करवत देईनात, नुसता पॉलिश पेपर. खुर्चीचा हात घासत बसायचं, मग अण्णा त्यावर गाल टेकवून बघायचे, खरखर लागली की परत घास. आणि "जेलमध्ये होता म्हणून सुटली" म्हणणाऱ्यांना सांगते, आत माल मिळतो. कुणी पुडी पुढे केली की हा उठून अण्णांच्या शेजारी जाऊन बसायचा, बास.

कुणाच्या घरी असं झालं असेल तर लिहा ना.

प्राजू
मीनलताई, ऑफिसच्या बसमध्ये वाचलं, डोळे भरून आले. अण्णांना माझा नमस्कार सांगा.

बाराभानगडी
आमची दारू. आत असताना दर रविवारी बाहेरून एक काका यायचे एएची, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ह्या दारू सोडणाऱ्यांच्या गटाची मीटिंग घ्यायला, रिटायर्ड माणूस, एसटीने यायचे, पावसात भिजून यायचे, आणि मला पहिले काही रविवार वाटायचं की ह्यांना कुणीतरी पैसे देत असणार नाहीतर कोण कशाला येईल चोरांमध्ये बसायला, मग एकदा सरळ विचारलंच तर म्हणाले मी माझी दारू लांब ठेवायला येतो, तू सोडलीस तर बोनस. तेच सांगायचे की एए सुरू झालं ते १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावात, एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघंही पक्के बेवडे, एकमेकांशी बोलत बसले म्हणून टिकले, आणि १९४२ मध्ये सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात पण ग्रुप सुरू झाला, तेव्हा आपण काही पहिले नाही. ते माझे स्पॉन्सर, म्हणजे एएमधला हात धरणारा जुना माणूस. सुटलो त्या दिवशी गेटवर घरचं कुणी नव्हतं, काका होते. घरी जायच्या आधी मीटिंगला नेलं, मग वडापाव, मग घर. वाटेत माझ्या नेहमीच्या बारची गल्ली लागते, काकांनी रिक्षावाल्याला लांबून घ्यायला लावली, वरचे पैसे स्वतः दिले.

मीनल_सांगली
बाराभानगडी दादा, काका आहेत का अजून?

बाराभानगडी
आहेत की. आता गुडघे गेलेत, त्यांच्या जागी मी जातो आत.

सिस्टर_नंदा
ड्युटीवर आहे, भराभर लिहिते. गर्दच्या टर्कीत माणूस तडफडतो, जुलाब-उलट्यांनी पाणी कमी होतं, म्हणून अण्णांनी पाणी पाजलं ते अगदी बरोबर. दारूचं वेगळं असतं. रोज भरपूर पिणाऱ्याची एकदम बंद झाली की दोनतीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जीवही जातो. आत गेलेल्यांचं नेमकं हेच होतं आणि लोकांना वाटतं नाटक करतोय. घरच्यांनी पहिल्याच मुलाकातीत किंवा वकिलामार्फत सांगावं की हा रोज पितो, डॉक्टरला दाखवा. दुसरं म्हणजे सुटल्यानंतरचे पहिले दोन आठवडे. गर्दवाल्याच्या शरीराची सवय मोडलेली असते आणि हा जुन्या मापाने घेतो. तेवढ्यात जातात मुलं. मी पाहिलीत.

कोकणकन्या७
जेलच्या खुर्च्यांवरून आठवलं, येरवडा कारागृहाच्या विक्री केंद्रातून आम्ही एक टेबल घेतलेलं, आजही हलत नाही. कुणी घासलं असेल कोण जाणे.

वकीलसाहेब_नगर
थोडं कायद्याचं. एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. नुसतं सेवन असेल तर कलम २७, ब्राऊन शुगर असेल तर एक वर्षापर्यंत. पण त्याच कायद्यात कलम ३९ आहे, कोर्ट शिक्षेऐवजी व्यसनी माणसाला त्याच्या संमतीने सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचारासाठी सोडू शकतं. आणि ६४अ, स्वतःहून उपचार घेणाऱ्याला संरक्षण. वकिलाला विचारा, मागितल्याशिवाय कुणी देत नाही. मीनलताईंच्या भावाची केस चोरीची, तिथे हे लागू नाही.

आईसाहेब_पुणे
माझा मुलगा आत गेला नाही, जाता जाता वाचला. इथे पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला. अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीतून ते सुरू केलं. तिथले बरेच कार्यकर्ते स्वतः त्यातून बाहेर पडलेले. माझ्याइतकं कुणी समजावलं नसेल त्याला, पण ऐकलं कुणाचं तर अंगावर सुयांचे वण असलेल्या एका मुलाचं. तेव्हा वाईट वाटलेलं. आता त्या मुलाला दिवाळीला फराळाचा डबा जातो.

विनू_मडगाव
विपश्यनेचा उपयोग होतो का? तिहारमध्ये १९९४ साली गोयंका गुरुजींनी हजारावर कैद्यांचं शिबिर घेतलेलं ऐकलंय. माझा मावसभाऊ इथे गोव्यात कोलवाळच्या जेलमध्ये आहे.

बाराभानगडी
होतो, पण आधी शरीर ताळ्यावर येऊ दे. आणि दहा दिवसांचं मौन संपल्यावर बोलायला कुणी लागतंच. मावसभावाला पत्र लिहा, फुटबॉलचं लिहा, घरचं लिहा, व्यसनाचा विषय नको. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, आपल्यालाही तिथे विचारता येतं.

शेजारीण
विषय थोडा वेगळा, रागावू नका. माझ्या जावेने नवऱ्याला न सांगता वरणातून दारू सोडायची गोळी दिली. चालतं का?

सिस्टर_नंदा
अजिबात नाही!! वरून प्यायला तर बीपी पडतं, हॉस्पिटल गाठावं लागतं. त्याला सांगून, डॉक्टरच्या चिठ्ठीनेच. आजच बंद करायला सांगा.

शेजारीण
फोन केला, बंद केली. मग रडली खूप. तिच्याशी पण कुणीतरी बोलायला हवं.

आईसाहेब_पुणे
मुक्तांगणमध्ये बायकांसाठी 'सहचरी' गट आहे, घेऊन या. लांबून येणार असाल तर माझ्याकडे उतरा.

प्राजू
आमच्या आईची मशेरी कशी सोडवायची तेही सांगा कुणीतरी. डबी लपवली तर शेजारून मागून आणते.

मीनल_सांगली
प्राजू, तिच्या मैत्रिणीला आधी सोडायला लाव, दोघी मिळून सोडतील. माझं खरं काम राहिलंच. अण्णा गावी जाऊ शकत नाहीत, तिकडे मेलेल्या माणसाची मुलं आहेत, त्यांच्यासमोर उभं राहायचं नाही म्हणतात. भावाच्या खोलीवर आहेत. साठी ओलांडलीय पण हात चांगला आहे, पॉलिश तर विचारू नका. मिरज-सांगली भागात कुणाकडे काम आहे का? खून केस आहे हे सांगूनच घ्यायचं, लपवायचं नाही असं त्यांचं म्हणणं.

कोकणकन्या७
माझ्या दिरांचं मिरजेत फर्निचरचं दुकान आहे. विचारते.

कोकणकन्या७
विचारलं. म्हणाले केसचं त्यांनी स्वतः सांगू दे मला, सोमवारी साडेदहाला पाठवा. व्यनि (खासगी निरोप) बघ.