अमेरिकेत उन्हाळाभर भटकायचंय: मोटारहोम घ्यावं की फिफ्थ व्हील?

इंदिरानगरकर (नाशिक)

नमस्कार मंडळी. ओझरच्या कारखान्यातली माझी नोकरी संपली, सौ. पण शाळेतून मोकळी झाली. लेक-जावई डेन्व्हरजवळ राहतात. पुढच्या मे महिन्यात जायचं आणि सप्टेंबरपर्यंत राहायचं असं ठरतंय. हॉटेलात उतरणं, रोज बॅगा भरणं, बाहेरचं खाणं यात आम्हा दोघांनाही रस नाही. स्वतःची चूल, स्वतःचं अंथरूण, आणि आवडेल तिथे दोन दिवस जास्त थांबायची मोकळीक, असा प्रवास करायचाय. यलोस्टोन आणि ग्लेशियर ही राष्ट्रीय उद्यानं नक्की, जमलं तर युटातलं झायन आणि ब्राइस. शाळेला सुट्टी लागली की दोन्ही नातवंडं काही दिवस आमच्याबरोबर येतील.

घोडं अडलंय ते वाहनापाशी. जावयाकडे फोर्डची एफ-१५० पिकअप आहे. त्याचं म्हणणं, वापरलेला बत्तीस फुटी फिफ्थ व्हील ट्रेलर, म्हणजे पिकअपने ओढायचं चाकांवरचं घर, विकत घेऊ, मुक्कामाला पोचलं की ट्रेलर सोडायचा आणि नुसती पिकअप घेऊन हिंडायचं, सप्टेंबरात विकून टाकायचा. एक बघूनही ठेवलाय त्याने. कागदावर रिकामं वजन ९,००० पौंड, भरून जास्तीत जास्त ११,५००. पिकअप १३,००० पौंड ओढते म्हणून तो निर्धास्त आहे. लेक म्हणते, बाबा, सरळ मोटारहोम, म्हणजे इंजिन आणि घर एकातच असलेली गाडी, भाड्याने घ्या, कशाला जोडा-सोडा करत बसताय.

मी वर्षानुवर्षं बोलेरो चालवतो, त्याहून मोठं काही चालवलेलं नाही. सौ.चा उजवा गुडघा दुखतो, जिना चढणं तिला नको असतं. ज्यांनी यातलं काही स्वतः चालवलंय किंवा त्यात राहून पाहिलंय, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

अंबडचा ट्रेलरवाला

भाऊ, माझी हयात ट्रेलरच्या धंद्यात गेली, अंबड ते न्हावाशेवा कंटेनर. आता वर्षातले काही महिने मुलाकडे टेक्सासला असतो. त्याच्याकडे फिफ्थ व्हील आहे आणि ते ओढायचं काम हक्काने माझ्याकडे असतं. त्यामुळे हे वाहन मला मनापासून आवडतं हे आधीच सांगतो. तरीही तुम्हाला कळकळीने सांगणं आहे, त्या एफ-१५० वर तो ट्रेलर चढवू नका.

आपल्याकडे घोड्याच्या, म्हणजे कंटेनरचा ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या ट्रकच्या, पाठीवर ग्रीस फासलेली जी गोल पाटी असते, तेच हे फिफ्थ व्हील. ट्रेलरच्या पोटाखालची दोन इंची किंगपिन तिच्या जबड्यात जाऊन अडकते. घराच्या ट्रेलरलाही तीच पद्धत, फक्त पाटी पिकअपच्या हौद्यात, मागच्या ॲक्सलच्या डोक्यावर बसवतात. म्हणूनच तो बंपरच्या हुकाला अडकवलेल्या ट्रेलरसारखा शेपूट हलवत नाही. शेजारून मोठा ट्रक सुसाट गेला तरी सरळ चालतो. पण हा फायदा फुकट मिळत नाही. हुकाच्या ट्रेलरचं दहा ते पंधरा टक्के वजन गाडीवर येतं, फिफ्थ व्हीलचं वीस टक्क्यांच्या आसपास, कधी पंचवीस.

आता तुमचाच हिशोब करू. ११,५०० चे वीस टक्के म्हणजे २,३०० पौंड, हजार किलोच्या वर. हे ओढायचं वजन नाही, पाठीवर घ्यायचं आहे. त्यात पाटीचं स्वतःचं दीड-दोनशे पौंड, वर तुम्ही माणसं. जावयाला सांगा, ड्रायव्हरचा दरवाजा उघडून खांबावरचं स्टिकर वाच. माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालेल तो आकडा तिथे छापलेला असतो, आणि तो प्रत्येक गाडीचा वेगळा असतो. एफ-१५० चा बहुतेक वेळा दोन हजारांच्या आतच निघतो. १३,००० चा आकडा गाठायच्या कितीतरी आधी हा आकडा संपतो. वीस टक्के कमी वाटत असतील तर ट्रेलर पाणी-सामानासकट भरा आणि ट्रक-स्टॉपवरच्या वजनकाट्यावर चढवा, स्वतःच दिसेल. रिकाम्या वजनावर कधीच जाऊ नका, रिकामा ट्रेलर कोणी ओढत नाही. या आकाराच्या ट्रेलरला एफ-३५० च्या वर्गातली पिकअप लागते. म्हणजे ट्रेलरबरोबर गाडीही बदलायची.

दुसरं, हौदा किती लांब आहे ते मोजा. एफ-१५० पुष्कळदा साडेपाच फुटी हौद्याची असते. अशा गाडीने तीव्र वळण घेतलं किंवा रिव्हर्समध्ये कोन जास्त झाला, तर ट्रेलरचं नाक केबिनच्या मागच्या काचेवर येतं. त्यावर सरकणारी पाटी मिळते, पण तिचं वजन आणि खर्च आणखी वाढतो.

जोडणं कसं असतं तेही लिहितो, कारण रोज निघताना हेच करायचंय. ट्रेलरच्या चाकांना उटी, म्हणजे चाक घरंगळू नये म्हणून ठोकळा, लावायची. पुढचे पाय खालीवर करून ट्रेलरची पाटी आपल्या पाटीपेक्षा किंचित खाली आणायची, म्हणजे आत शिरताना ती थोडी उचलली जाते आणि पिन बरोबर बसते. ट्रेलर उंच राहिला तर पिन जबड्याच्या वरूनच निघून जाते. मग सावकाश मागे. खट्ट आवाज आला म्हणजे काम झालं असं समजायचं नाही. खाली उतरून बॅटरी मारून बघायचं, जबडा पिनच्या मागून पूर्ण मिटलाय का. दांड्याला खीळ घालायची. दिव्यांची आणि ब्रेकची सात पिनांची वायर जोडायची. शिवाय एक बारीक तार असते. ट्रेलर सुटलाच तर ती ओढली जाऊन त्याचे ब्रेक आपोआप लागतात. ती गाडीच्या पक्क्या भागाला अडकवायची. नंतर पाय जेमतेम जमिनीवरून उचलायचे, केबिनमधून ट्रेलरचे ब्रेक हाताने दाबून धरायचे आणि गाडी हलकेच पुढे ओढून बघायची. हललं नाही, तरच पाय पूर्ण वर आणि उट्या बाहेर. माझ्याकडच्या नव्या ड्रायव्हरला हा क्रम तोंडपाठ झाल्याशिवाय मी चावी देत नसे. रिव्हर्सला मागे उभं राहून "आन् दे, आन् दे" करणारा माणूस हवा. ते काम वहिनींवर पडणार, दुखऱ्या गुडघ्याने, कधी पावसात, कधी अंधारात.

डेन्व्हरहून पश्चिमेला निघालात की आय-७० वर आयझेनहॉवर बोगदा लागतो, जवळजवळ ३,४०० मीटर उंचीवर. टर्बो नसलेलं इंजिन तिथे तीस टक्क्यांच्या आसपास ताकद गमावतं. पलीकडे सिल्व्हरथॉर्नपर्यंत सात टक्क्यांचा उतार आहे. कसारा ज्या शिस्तीने उतरतो तशीच शिस्त इथे लागते. आधीच खालचा गिअर, ब्रेक दाबून सोडायचा, पाय ठेवून बसायचं नाही. पाठीमागे पाच टन घेऊन पहिल्याच आठवड्यात हा उतार उतरायची वेळ बोलेरोवाल्या माणसावर येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

फिफ्थ व्हील कोणासाठी? जो महिना महिना एका जागी राहतो त्याच्यासाठी. उभं राहिलं की भिंती बाहेर सरकवून बैठकीची खोली होते, छत उंच, कपाटं भरपूर, महिन्याच्या भाड्यात जागा स्वस्त पडते. आणि पिकअप बिघडली तरी घर जागेवरच राहतं, मोटारहोम बिघडलं तर घरच गॅरेजला जातं. तुम्ही तर दर दोन-तीन दिवसांनी हलणार. शिवाय झोपायची खोली ट्रेलरच्या नाकावर, म्हणजे बाहेरच्या पायऱ्या वेगळ्या आणि आतल्या दोन-तीन वेगळ्या. रात्री उठलं की त्या उतरायच्या. तुमच्यासाठी मोटारहोमच.

पंचवटीतली

ट्रेलरवाले दादांनी चालवण्याचं सगळं लिहिलंय, मी आतल्या संसाराचं लिहिते. आम्ही दोघं आणि मुलगा असे पंचवीस फुटी सी क्लास मोटारहोममधून फिरलो. सी क्लास म्हणजे पुढे नेहमीची व्हॅन आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर एक माळा. नातवंडं तो माळा सोडणार नाहीत. मागे मोठी गादी, आत पायऱ्या नाहीत, दारात दोनच. ज्येष्ठांना सोयीचं. चालत्या गाडीत सगळ्यांनी पट्टा लावून बसायचं, मग भूक लागली की रस्त्याकडेच्या थांब्यावर उभं राहून तिथेच पोहे करायचे. ट्रेलरमध्ये आधी पिकअपमधून उतरून मागे जावं लागतं.

फोडणी देण्याआधी छताचा पंखा चालू करून खिडकी उघडायची, नाहीतर धुराचा भोंगा वाजून शेजारचे लोक बघायला येतात. वीज तीस अँपिअरची, १२० व्होल्ट, म्हणजे सगळी मिळून ३,६०० वॉट. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह आणि पाण्याची किटली लावली की खटका पडतो. फ्रिज गॅसवर चालणारा असेल तर गाडी सपाट उभी हवी, नाहीतर तो नीट थंड होत नाही.

संडासाची टाकी आणि मोरीची टाकी वेगळ्या असतात. रिकाम्या करताना आधी संडासाची, नंतर मोरीची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. आम्हाला कंपनीने दिलेला पाइप जोडाशी गळत होता. तुम्ही गाडी ताब्यात घेतानाच तो जोडून, पाणी सोडून बघा, आणि रबरी हातमोज्यांचा खोका पहिल्याच दिवशी घ्या.

पैशाचं बोलायचं तर भाडं वेगळं, मैलांचे वेगळे, जनरेटरचे तासाप्रमाणे वेगळे. पेट्रोल लिटरला साडेतीन-चार किलोमीटर. हे सगळं धरूनच बेत करा.

आणि ग्लेशियरचं महत्त्वाचं: गोइंग-टू-द-सन रस्त्यावर ॲव्हलांच कॅम्पग्राउंडपासून पलीकडे राइजिंग सनपर्यंत एकवीस फुटांहून लांब गाडीला मनाई आहे. मोटारहोम असो की पिकअपला लावलेला ट्रेलर, तिथे चालत नाही. यलोस्टोनमध्ये वीज, पाणी आणि सांडपाणी तिन्ही जोडण्या देणारी जागा एकच, फिशिंग ब्रिज. अस्वलांमुळे तिथे तंबूला परवानगी नाही, पक्क्या भिंतींचीच गाडी लागते. तारखा नक्की झाल्या की सगळ्यात आधी ती जागा बघा.

सातपूरवासी

एक सूचना. निघण्याआधी इथेच दोन दिवस कॅराव्हॅन भाड्याने घेऊन बघा. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, तेव्हापासून अशा गाड्या भाड्याने मिळतात. गंगापूर धरणाकडे किंवा सापुताऱ्याला जा. वहिनींना त्या अरुंद मोरीत आणि गादीवर जमतंय का ते कळेल. फिफ्थ व्हीलचं घर मात्र इथे भाड्याने मिळणार नाही. आणि पेठ रोडच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढताना तारीख बघून काढा, तो एकच वर्ष चालतो.

इंदिरानगरकर (नाशिक)

सगळ्यांचे मनापासून आभार. जावयाने काल दरवाजा उघडून स्टिकरचा फोटो पाठवला. आकडा १,६४० पौंड. हौदाही साडेपाच फुटी. त्याने स्वतःच वहीत बेरीज केली आणि ट्रेलर विकणाऱ्याला नकार कळवला. ट्रेलरवाले भाऊ, तुमचा प्रतिसाद मी त्याला शब्दन् शब्द वाचून दाखवला, तो तुमचे आभार मानतोय.

सौ.ने आतल्या पायऱ्यांचं वाचलं आणि विषयच संपवला. तर पंचवीस फुटी सी क्लास भाड्याने घ्यायचं जवळजवळ नक्की. यलोस्टोन आणि ग्लेशियरच्या फेरीला जुलैत लेक-जावई त्यांची गाडी घेऊन मागून येतील, म्हणजे त्या रस्त्याचा प्रश्न सुटतो. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. तो रस्ता जुलैत उघडा असतो का? आणि ट्रेलरवाले भाऊ, मोटारहोम पहिल्यांदा हातात घेताना मी कशाचा सराव करू?

पंचवटीतली

बर्फ काढून पूर्ण रस्ता साधारण जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत खुला होतो, दरवर्षी थोडं मागेपुढे. ग्लेशियर जुलैच्या उत्तरार्धात ठेवा आणि यलोस्टोन त्याआधी.

अंबडचा ट्रेलरवाला

जावयाने कागदावर हिशोब केला हे वाचून फार बरं वाटलं.

सराव दोन गोष्टींचा करा. एक, मागच्या चाकामागे जो लांब भाग असतो तो वळताना उलट्या बाजूला बाहेर फेकला जातो. मोठ्या रिकाम्या पार्किंगमध्ये रेघेला समांतर उभे राहा, स्टिअरिंग पूर्ण कापून हळू निघा आणि मागचा कोपरा रेघेच्या किती बाहेर जातो ते जावयाला मोजायला सांगा. पेट्रोल पंपावरून निघताना हाच कोपरा खांबाला घासतो. दोन, उंची. ती बारा फुटांच्या आसपास असते. नेमका आकडा फूट-इंचात लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. मोबाइलवरचा साध्या गाडीसाठीचा नकाशा कमी उंचीच्या पुलाखालून नेतो, तेव्हा पुलावरची पाटी वाचायची सवय वहिनींनाही लावा. एसीचा डबा छताच्या वर असतो, तो धरूनच उंची मोजा.