छिद्राची भीती सोडा, कुलपाचं बघा

वैमानिकांना विमानात पिस्तूल द्यावं का, या चर्चेत दोन मुद्दे येतात. एक, गोळीने भोक पडलं की विमान फुग्यासारखं फुटेल. दुसरा, ज्याच्या हाती दोनशे जीव सोपवतो त्याच्या हाती पिस्तूल द्यायला काय हरकत? पहिला मुद्दा सिनेमातला आहे. केबिनमधली हवा तशीही एका झडपेतून सतत बाहेर सोडली जात असते. बोटाएवढ्या भोकाने दाब एकदम कोसळत नाही. गोळी वायरिंगला, उपकरणांना किंवा माणसाला लागली तर मात्र कठीण.

दुसऱ्या मुद्द्यात विश्वासाचा प्रश्नच नाही, प्रश्न रोजच्या हाताळणीचा आहे. अमेरिकेत २००२च्या कायद्यानंतर प्रशिक्षण घेतलेल्या, स्वेच्छेने पुढे आलेल्या वैमानिकांना पिस्तूल मिळतं, तेही फक्त कॉकपिटच्या रक्षणासाठी. मागे केबिनमध्ये मारामारी झाली तरी त्यांनी बाहेर यायचं नाही. मार्च २००८मध्ये डेन्व्हरहून शार्लटला निघालेल्या यूएस एअरवेजच्या विमानात उतरण्यापूर्वी पिस्तूल आवरून ठेवताना कॉकपिटमध्येच गोळी सुटली. ती विमानाच्या कवचातून आरपार गेली, कुणाला इजा नाही, विमान नीट उतरलं. (पहिल्या मुद्द्याचं उत्तर इथेही आहे.) पिस्तूल ठेवायच्या त्या होल्स्टरला, म्हणजे म्यानाला, सुरक्षिततेसाठी कुलूप लावायचं असे आणि त्याची दांडी ट्रिगरजवळून जाई. पिस्तूल नीट आत बसलेलं नसेल तर कुलूपच ट्रिगर दाबू शकायचं! कॉकपिटचं दार मजबूत असताना हा उपद्व्याप कशाला, असं माझं तरी मत आहे.